आधी हातात घे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक प्राध्यापक म्हणतात अश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडीची सममिती निव्वळ वापरासाठी, दुसरे म्हणतात ती कलेची सुरुवात, आणि प्रबंधात कुणाची बाजू घेऊ असं तू विचारतोस. त्याआधी सांग, कुऱ्हाड हातात किती वेळ धरलीस? पत्रात मोजमापं आहेत, आलेख आहेत, हाताबद्दल एक ओळ नाही. जीव तुटला, कारण मीही हेच केलं होतं.

तुझ्या वयाची असताना मी खापरांची नोंद करायचे. वहीत दोन रकाने: 'उपयोग' आणि 'सजावट'. दोरीचे ठसे असलेलं प्रत्येक खापर मी डोळे झाकून दुसऱ्या रकान्यात टाकलं. मग एकदा खापरं धुताना गुळगुळीत तुकडा ओल्या बोटांतून निसटून फुटला, ठशांचा मात्र घट्ट राहिला. तोवर तक्ते छापून गेले होते. वरिष्ठ म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून तक्ते बदलत नाहीत. मी गप्प बसले. ते अजून सलतं. जपानच्या प्रागैतिहासिक जोमोन काळाला नावच दोरीच्या ठशांवरून मिळालंय, आणि त्यातल्या कितीतरी मडक्यांत करपलेल्या अन्नाचा थर सापडतो. चुलीवर चढणारी मडकी होती ती!

म्हणून म्हणते, आधी हातात घे. बुडाशी दगडाची मूळ साल पुष्कळदा तशीच ठेवलेली असते. तळवा तिथे टेकतो, कापत नाही. मग अंगठा वर सरकव. चांगल्या कुऱ्हाडीत मोठ्या कपच्यांच्या खाचांवरून बारीक, चपट्या कपच्या काढलेल्या लागतील. धार आल्यावरही कुणीतरी कड सारखी करत बसलं होतं. हे कुठल्या रकान्यात टाकशील? तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची सर्वांत जुनी अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली, हत्यारं सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची आहेत. आपले रकाने कालचे.

इंग्लंडमधल्या वेस्ट टॉफ्ट्सच्या कुऱ्हाडीवर मधोमध शिंपल्याचा जीवाश्म आहे. तो मुद्दाम राखला की राहून गेला, यावर वाद चालू आहे. चालू दे. शिंपला आहे म्हणून धार बोथट झालेली नाही, माझ्यासाठी मुद्दा तेवढाच.

मला हट्टी म्हणतात, भावनेच्या आहारी गेलेली म्हणतात. जन्मभर कॅलिपर वापरलाय मी. मोजू नकोस असं कधीच म्हणणार नाही. पण हातात न घेता मोजलेलं मला पटत नाही, आणि तू तसं लिहिलंस तर तो प्रबंध मी वाचणार नाही. रागावू नकोस. तुझी नजर चांगली आहे, म्हणूनच एवढं बोलते.

संग्रहालयात रीतसर परवानगी माग. मिळाली की टेबलावर जाड फोम अंथर, दोन्ही हात कोरडे कर, कुऱ्हाड उचल, डोळे मीट. अंगठा कुठे बसला ते मला कळव. उजव्या हातात आणि डाव्या हातात, दोन्ही.