वाचकांचे प्रश्न: पेठेची ईर्षा आणि चुलत्यांची फॅट

प्रश्न: आमच्या आणि शेजारच्या पेठेतली पोरं एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच लागली की मात्र ओळखही दाखवत नाहीत, नंतर हाणामारी. दोन्ही तालमींचं (पेठेतल्या मंडळांचं, ज्यांचे हे संघ) एकत्र जेवण ठेवलं तर?
– एक कार्यकर्ते, कोल्हापूर

उत्तर: नुसतं जेवण ठेवू नका, उलट पेटेल. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी प्रयोग म्हणून साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. रस्सीखेच, बेसबॉलच्या स्पर्धा लावल्या तर पोरं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर अन्नाची फेकाफेक झाली. पुढं शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक अडला, एका गटाच्यानं काही होईना. तेव्हा कुठं पोरं एकत्र आली. तीसुद्धा अशी कामं एकामागून एक पडल्यावर.

म्हणून काम असं निवडा की एका तालमीला ते पेलणारच नाही. पंचगंगेला पूर आला की घरं रिकामी करणं, जनावरं हलवणं हे तसलं काम. सहा जणांची तुकडी असेल तर तीन इकडचे, तीन तिकडचे, आणि नावं चिठ्ठीनं काढा. निवड पोरांवर सोडली तर आपले आपल्यातच जातात. मदतीच्या फलकावर कुणाचं नाव वर, यावरूनच निम्मी भांडणं होतात. तेव्हा फलकावर नावंच नकोत. ‘मैत्रीपूर्ण सामना’ सुरुवातीला अजिबात नको.

पोरगं बाकावर वर्गमित्र असतं, गॅलरीत तालमीचं असतं. तिथं त्यानं पलीकडच्याला हात केला तर त्याचीच पोरं त्याला फाडून खातील. त्यामुळं एकेकट्याला समजावून उपयोग नाही. मॅचआधी दोन्ही कॅप्टननी आणि वस्तादांनी सगळ्यांदेखत गळाभेट घ्यावी, म्हणजे बाकीच्यांना मोकळीक मिळते. ईर्षा मात्र राहू द्या. स्टेडियम तिच्यामुळंच भरतं.

प्रश्न: गावच्या दूध संस्थेत मी सचिव झालो. चुलते म्हणतात, ‘घरचाच हाईस, फॅट जरा वाढवून लाव.’ (फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, दर तिच्यावर ठरतो.) नाही म्हटलं तर भावकी तुटते.
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर: ही मागणी आडोशाला होते, तिथंच तिचं बळ आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९५७ साली लिहिलं होतं, की एकाच माणसाकडून वेगवेगळे लोक उलटसुलट गोष्टी मागतात. त्या मागण्या त्या लोकांना एकमेकांसमोर दिसल्या, की मधल्या माणसावरचा ताण हलका होतो. तुम्ही तेच करा. पुढच्या वेळी म्हणा, ‘काका, चेअरमनसाहेबांसमोर सांगा, ते म्हणतील तसं करतो.’ बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो.

भावकीतल्यांचं सॅम्पल दुसऱ्या कर्मचाऱ्याला घ्यायला लावा. दूध नीट ढवळूनच सॅम्पल घ्यायचं. साय वर येते, वरवरचं घेतलं तर फॅट जास्त लागते आणि संशय तुमच्यावर येतो. मशीनचा आकडा रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असा ठेवा, पावती लगेच द्या. एकाला वाढवून दिलेली फॅट, संस्था ज्याला दूध घालते त्या दूध संघाच्या तपासणीत भरत नाही, ती तूट संस्थेच्या, म्हणजे सगळ्या सभासदांच्या अंगावर पडते. चुलत्यांनाही हे हिशेबाच्या वहीवरूनच दाखवा. घरी जेवताना मात्र फॅटचा विषय काढू नका आणि त्यांनी काढला तर ‘सकाळी संस्थेत या’ एवढंच.