अजून काय टाकू, असं विचारू नकोस

प्रिय मुली,

"काका, आमच्या गेममधल्या जंगलाच्या लेव्हलला बासरी, सतार, व्हायोलिनचा ताफा, कोरस, ढोल, सगळं घातलं. तरी टीममधल्या एकाच्याही अंगावर काटा येत नाही. अजून काय टाकू?" असं तू विचारलंयस. काही टाकू नकोस. एक वाद्य काढ.

तुझा ट्रॅक हेडफोन लावून ऐकला. बासरी छान आहे, अगदी मनापासून सांगतो. ती कोमल निषादावर रेंगाळते तिथे मीही रेंगाळलो. तेवढ्यात तुझी व्हायोलिनं धावत आली, जणू बजावायला की बघा हं, इथे वाईट वाटून घ्यायचं आहे. अगं, वाटतच होतं की मला!

दादाच्या जुन्या टीव्ही गेमवर मारिओ भुयारात उतरला की पोटात गोळा यायचा, हे तूच सांगितलं होतंस. काय होतं गं त्या भुयारात? मूठभर स्वर, मग चक्क गप्प, मग पुन्हा तेच स्वर. संगीतकार कोजी कोंडोनं ते १९८५ साली केलं तेव्हा त्या यंत्रात आवाजाच्या वाटाच पाच होत्या: सुरांसाठी दोन पल्स आणि एक ट्रँगल, खरखरीसाठी एक नॉइज आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी एक सॅम्पलची. ट्रँगलला तर आवाज लहान-मोठा करायचीही सोय नव्हती. वाजला तर वाजला, नाहीतर बंद. त्यात मारिओनं उडी मारली की उडीचा आवाज सुरांपैकी एकाची वाट अडवायचा. म्हणजे खेळणाराच चालत्या संगीतातून एक वाद्य काढत होता, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. त्याच्याही आधी, १९७८च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये नुसते चार उतरते स्वर. शत्रू कमी होतील तशी त्यांची लय वाढायची आणि हाताला घाम सुटायचा.

त्यांच्याकडे नव्हतंच, म्हणून त्यांनी कमी वापरलं, असं म्हणणार असशील तर २०१७चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम घे. मारिओवाल्याच निंटेंडो कंपनीचा. तिला काय कमी होतं? तरी मोकळ्या माळावर पियानोचे तुरळक स्वर आणि बाकी वारा, गवत, पावलं. संगीत कुठे गेलं म्हणून लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

'सायलेंट हिल' या भीतीच्या गेममध्ये संगीतकार अकिरा यामाओकानं मँडोलिन वापरलंय. आपल्या कानांना मँडोलिन म्हणजे हलकंफुलकं गाणं. तिथे तेच ऐकून मला दिवा लावावासा वाटला. वाद्यात भाव भरून ठेवलेला नसतो. शेजारी कोण आहे आणि कोण नाही, यावर तो ठरतो.

तुझ्या पडक्या देवळाच्या लेव्हलला सनई हवीय ना? पुणेकराच्या कानात सनई म्हणजे मंगल कार्यालय आणि जेवणाच्या पंगती. त्यावर स्ट्रिंग्ज ओतून ती भयाण होणार नाही. चौघडा काढ. एक सनई आणि मागे नुसता सूर धरून बसलेली दुसरी, एवढंच ठेव. लग्नाचा आवाज आहे पण लग्न कुठेच नाही, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या देवळात खेळणारा अडकला तर तासभर हाच तुकडा ऐकणार आहे, हेही ध्यानात ठेव. पहिल्या फेरीत रडवणारा कोरस पाचव्या फेरीला डोकं उठवतो. म्हणून परत सांगतो, एक वाद्य काढ.

हे मी सोयीचं म्हणून सांगत नाही. मी एका स्टुडिओत होतो तिथे प्रत्येक जाहिरातीखाली स्ट्रिंग्ज अंथरायची पद्धत होती. मी नाही म्हणालो आणि काम दुसऱ्याकडे गेलं. बायको अजून विचारते, "घातली असती दोन व्हायोलिनं तर काय बिघडलं असतं?" बिघडलं असतं! एकदा घातली की पुढच्या वेळी चार मागतात. हट्टी म्हण, घरात सगळे म्हणतातच. एका गेमला संगीत द्यायचं मात्र राहून गेलं, ते सलतं. तेव्हा इथे गेम बनत नव्हते ही सबब अर्धीच खरी आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सनं २०२० साली 'राजी' काढला, संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोसनं दिलं. ऐकून आनंद झाला, आणि पोटात दुखलंही. तुझ्या वयाचं कुणी चांगली बासरी लिहून वर तिचा गळा दाबताना दिसलं की माझा संयम सुटतो, तो त्यामुळेही असेल.

ढोलाचं बोलू. तुला तो टाकवत नाही, कळतं. पथकात वाजवलेला हात आहे तुझा. मग त्याचा थर वेगळा दे आणि शत्रू दिसल्यावरच तो सुरू होईल असं प्रोग्रॅमरकडून करून घे. तोवर ढोल नाही म्हणजे नाही.

आता मिक्स पाठवू नकोस, प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल पाठव. त्याआधी साउंड इफेक्टवाल्या मुलाला विचार, जंगलात कोणती पाखरं आणि कसली पावलं घालतोयस. तुझा लीड "रिकामं वाटतंय" म्हणाला, तर ती पाखरं आल्यावर त्याला पुन्हा ऐकव. तरीही रिकामंच वाटलं तर मला फोन लाव, मी बोलतो त्याच्याशी.

तुझा,
काका