आयटीएसचा क्रम हाताशी असताना गुणसूत्रांवर राइबोसोमल डीएनए का शोधायचा?

आपण विचारले आहे की, आयटीएसच्या (राइबोसोमल जनुकांच्या मधल्या तुकड्यांच्या) क्रमावरून वनस्पतींचा वंशवृक्ष काढता येत असेल, तर राइबोसोमल डीएनए, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या राइबोसोमच्या आरएनएची जनुके असलेला डीएनए, गुणसूत्रांवर नेमका कुठे आहे हे शोधण्याचा खटाटोप कशासाठी करायचा. माझ्या मते क्रम आणि स्थान या दोन स्वतंत्र साक्षी आहेत, आणि संकरातून जन्मलेल्या जातींमध्ये त्या पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत.

१८एस, ५.८एस आणि २६एस ही तीन राइबोसोमल जनुके मिळून एक घटक होतो (त्यालाच ४५एस म्हणतात) आणि तो एकापाठोपाठ एक असा शेकडो ते हजारो वेळा येतो. जनुके फारशी बदलत नाहीत. त्यांच्यामधले आयटीएसचे तुकडे मात्र झपाट्याने बदलतात, म्हणूनच जवळच्या जातींची तुलना करायला ते सोयीचे ठरतात. अडचण अशी की असमान क्रॉसिंग ओव्हर (गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची असमान अदलाबदल) आणि जनुक रूपांतरण (एका प्रतीचा क्रम दुसरीवर उतरणे) यांमुळे या हजारो प्रती एकमेकींसारख्या होत जातात, आणि त्यात संकराच्या एका पालकाची खूण पार पुसली जाऊ शकते.

तंबाखूचे उदाहरण घ्या. निकोशियाना टॅबॅकम ही ४८ गुणसूत्रांची जात निकोशियाना सिल्वेस्ट्रिस (माता) आणि निकोशियाना टोमेंटोसिफॉर्मिस (पिता) यांच्या वंशांच्या संकरातून झाली असून या दोघांत प्रत्येकी २४ गुणसूत्रे आहेत. तिच्यातील राइबोसोमल घटक बहुतांशी पित्याच्या वळणावर गेलेले आहेत, त्यामुळे केवळ आयटीएस वाचणाऱ्याला माता दिसणारच नाही. फिश तंत्राने, म्हणजे हवा तो डीएनए गुणसूत्रावर चमकवून दाखवणाऱ्या पद्धतीने, गुणसूत्रे पाहिली, की सिल्वेस्ट्रिसच्या तीन आणि टोमेंटोसिफॉर्मिसच्या एका अशा चार गुणसूत्र जोड्यांवर हे घटक आढळतात. म्हणजे मजकूर पित्याचा झाला, पण जागा दोघांच्याही टिकून राहिल्या. क्लोरोप्लास्टचा (हरितलवकाचा) डीएनए बहुधा मातेकडूनच येत असल्याने तो अर्थातच मातेकडे बोट दाखवतो.

गुणसूत्रांवरच्या या जागांच्या चित्राला 'नकाशा' म्हणतात खरे, पण हा शब्द येथे जरा भारदस्तच आहे, कारण मुळांच्या टोकांतील विभाजन होत असलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून त्यांना चमकणारा प्रोब (हव्या क्रमाला चिकटणारा डीएनएचा तुकडा) जोडला, की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्षात मोजके ठिपके दिसतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींत राइबोसोमच्याच आणखी एका आरएनएची, म्हणजे ५एसची, जनुके वेगळ्या जागी असतात, त्यामुळे ती दुसऱ्या रंगात दाखवली तर एकसारखी दिसणारी गुणसूत्रेही ओळखता येतात; उदाहरणार्थ, अरॅबिडॉप्सिसमध्ये ४५एसचे समूह २ आणि ४ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर आहेत, तर ५एसचे मुख्य समूह ३, ४ आणि ५ वर.

तरीही निव्वळ ठिपके मोजून नाते सांगण्याचा मोह टाळावा, असे मी आवर्जून सांगेन. भातात जॅपोनिका वाणांमध्ये ४५एसचा समूह ९व्या गुणसूत्रावर असतो, पण अनेक इंडिका वाणांत तो १०व्यावरही सापडतो. एका जातीच्या आतच एवढा फरक पडत असेल, तर दोन जातींत संख्या जुळली वा जुळली नाही यावरून फार काही सिद्ध होत नाही. कांद्याच्या कुळात तर हे समूह गुणसूत्रांवर जागा बदलतात असे दिसून आले आहे. म्हणून ठिपका कोणत्या भुजेवर आहे, सेंट्रोमिअरपासून (गुणसूत्राच्या दोन भुजांना जोडणाऱ्या आवळलेल्या भागापासून) किती दूर आहे आणि ५एसच्या शेजारी आहे की नाही, हे नोंदवल्याशिवाय मी दोन जातींची तुलना करत नाही.