वाचक विचारतात : फोरमनकाका निवृत्त होतायत, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

आमचं भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) वर्कशॉप आहे, चाळीसेक माणसं. आमचे फोरमनकाका दिवाळीनंतर निवृत्त होतील. सेटिंगचं निम्मं ज्ञान त्यांच्या डोक्यात, उरलेलं व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका एजन्सीने नॉलेज मॅनेजमेंटचं, म्हणजे कामातलं ज्ञान साठवायचं, क्लाउड सॉफ्टवेअर सुचवलंय, दरमाणशी दरमहा भाडं. घ्यावं का?
*– एक वाचक, भोसरी*

आत्ता घेऊ नका. दिवाळीपर्यंतचा वेळ डेमो बघण्यात घालवू नका, तो काकांना द्या. सॉफ्टवेअर नंतरही मिळेल.

जाणत्या माणसांचं ज्ञान टिपायच्या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला मी झेरॉक्स कंपनीचं उदाहरण सांगते. 1980च्या दशकात त्यांच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रातले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. छापील मॅन्युअल सगळ्यांकडे होतं. तरी अवघड बिघाड सुटायचा तो तंत्रज्ञ एकमेकांना सांगत त्या किश्श्यांमधून. पुढे 1990च्या दशकात कंपनीत ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी राहिली, आधी फ्रान्समध्ये. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, मगच ती सगळ्यांना दिसायची. आणि युक्तीवर लिहिणाऱ्याचं नाव. कामगाराच्या नावाला दिलेला हा मान मला त्या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

काकांना ‘सगळं लिहून द्या’ म्हणू नका. ‘त्यात काय लिहायचंय?’ असंच ते म्हणतील, कारण ज्याचा हात बसलेला असतो त्याला आपल्याला वेगळं काय येतं ते दिसत नाही. एखादा चुणचुणीत सेटर (मशीन लावून देणारा कामगार) त्यांच्याजवळ बसवा, समोर रिजेक्शनचं रजिस्टर उघडा आणि एकेका नोंदीवर विचारा : काका, तेव्हा तुम्ही काय बघितलंत? फोनवर रेकॉर्ड करा. मग त्याच सेटरने पान लिहायचं, काकांनी वाचून हो म्हणायचं. पान साधारण असं दिसावं (‘ऑफसेट’ म्हणजे मशीनवर टूलच्या मापात केलेली दुरुस्ती) :

*सकाळी पहिल्या जॉबना साइज हलते (मशीन 4)*
*काय दिसतं : पहिले काही शाफ्ट साइजला बसत नाहीत, नंतर साइज आपोआप स्थिरावते. थंडीत जास्त.*
*कारण : स्पिंडल आणि बॉल स्क्रू थंड असतात, गरम होताना वाढतात.*
*ओळखायचं कसं : ऑफसेटला हात न लावता मशीन थोडा वेळ रिकामं चालवा, पुढचा जॉब मोजा. साइज सरकली तर हेच.*
*काय करायचं : शिफ्टच्या सुरुवातीला वॉर्म-अप प्रोग्राम. थंड मशीनला ऑफसेट देऊ नका, गरम झाल्यावर साइज उलट्या बाजूला जाईल.*
*सांगणारे : फोरमनकाका. तपासणारा सेटर, तारीख.*

पानाला नाव अडचणीचं द्या. ‘मशीन 4 – देखभाल’ हे नाव रात्रपाळीच्या पोराला कधीच सुचणार नाही. ‘साइज हलते’ हे सुचेल. आणि ‘थंड मशीनला ऑफसेट देऊ नका’ हे वाक्य काकांच्याच शब्दांत राहू द्या, त्याचं ऑफिशियल मराठी करू नका.

आता सॉफ्टवेअर. तुम्हाला डोकुविकी पुरेल. विकी म्हणजे सगळ्यांना मिळून पानं लिहिता, बदलता आणि शोधता येतात असं सॉफ्टवेअर. डोकुविकी 2004पासून आहे, फुकट आहे, त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, त्यामुळे उद्या डोकुविकी बंद पडलं तरी पानं नोटपॅडमध्ये उघडतील. जुन्या आवृत्त्याही जपल्या जातात : कोणी काय बदललं ते दिसतं. ऑफिसमधल्या एखाद्या कॉम्प्युटरवर बसवा, रोज त्या फोल्डरची दुसरीकडे कॉपी घ्या. एक खाचखळगा आहे. पानांची नावं देवनागरीत दिलीत तर मूळ सेटिंगमध्ये फाइलचं नाव भलतंच लांब होतं आणि मोठ्या नावांचं पान सेव्हच होत नाही. फाइलनावाचं एन्कोडिंग सुरुवातीलाच ‘यूटीएफ-8’ करून घ्या. मग प्रत्येक मशीनवर क्यूआर कोड चिकटवा, स्कॅन केला की त्या मशीनची पानं उघडतील. ग्राहकांची ड्रॉइंग मात्र यात ठेवू नका.

भाड्याचं घ्यायचंच असेल तर एजन्सीला एकच विचारा : सोडायचं ठरलं तर आमची सगळी पानं, फोटोंसकट, कोणत्या रूपात परत मिळतील? ॲटलासियन कंपनीचं कॉन्फ्लुअन्स हे असंच विकी नावाजलेलं आहे, पण त्याची स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी स्वस्त आवृत्ती अनेकांनी घेतली होती आणि कंपनीने फेब्रुवारी 2024मध्ये तिचा सपोर्ट थांबवला. ठरवणारे ते असतात, तुम्ही नाही.

तुमच्याकडे आयएसओ 9001 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल तर 2015च्या आवृत्तीतलं 7.1.6 हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे. ऑडिटरला हीच पानं दाखवा, वेगळी फाइल रंगवत बसू नका.

आमच्या कर सल्लागार ऑफिसात विकी आहे, पण कोणी बघत नाही. सगळे मलाच विचारतात.
*– एक वाचक, नाशिक*

हे नासातही झालं. तिथे प्रकल्पांतून शिकलेले धडे साठवायची मोठी प्रणाली होती, आणि 2012मध्ये त्यांच्याच महानिरीक्षकांच्या तपासणीत निघालं की प्रकल्पप्रमुख ती क्वचितच उघडतात. तुमच्या विकीत रिटर्नच्या मुदती, जीएसटीचे दर असं बरंच असेल, नाही का? ते सगळं काढा. पोर्टलवर जे रोज ताजं मिळतं त्याची नक्कल शिळी होते, आणि एकदा शिळी तारीख बघून कोणी फसलं की तो पुन्हा विकी उघडत नाही. ठेवायचं ते फक्त तुमच्या ऑफिसचं : कोणत्या पक्षकाराची बिलं उशिरा येतात, कोणाला फोनच करावा लागतो, कोणती नोटीस आली तेव्हा काय उत्तर दिलं. प्रत्येक पानाला एक मालक आणि पुन्हा बघायची तारीख. आणि कोणी विचारायला आलं की तोंडी सांगू नका. पान उघडून द्या. नसेल तर विचारणाऱ्यानेच तुमच्याशेजारी बसून लिहायचं. पहिले काही आठवडे सगळ्यांना जाच वाटेल. तुम्ही नमायचं नाही.

आम्ही डोकुविकीच वापरतो, पण मराठीत शोधलं की सापडत नाही. ‘शाळा’ टाकलं तर ‘शाळेत’ असलेली पानं येत नाहीत.
*– एका सामाजिक संस्थेची कार्यकर्ती, सातारा*

मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि मूळ शब्दही बदलतो. शोधयंत्राला शाळा, शाळेत, शाळांना हे तीन निराळे शब्द वाटतात. ‘शाळ*’ असं शोधा, म्हणजे तिन्ही येतील. ‘अनुदान*’ने ‘अनुदानासाठी’ही मिळेल. शिवाय पानाच्या शेवटी मूळ शब्दांची एक ओळ लिहायची सवय लावा : शाळा, अनुदान, गावाचं नाव.

तरीही काही सापडत नसेल तर जुन्या फाइली तपासा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, त्यामुळे ‘शाळा’ तिथे नसतेच. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे शोधता येणाऱ्या मराठीत, आणावा लागतो, आणि नंतर जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घालावे लागतात. स्कॅन केलेले कागद तर नुसते फोटो. त्यांच्यावर आधी ओसीआर चालवा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर. त्यातलं टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्याला मराठी वाचता येतं, छपाई स्वच्छ असेल तर बरंच चांगलं. हस्तलिखित इतिवृत्तांना त्याचा उपयोग नाही, त्यांची फक्त विषयसूची टाइप करा. सगळं एकदम काढू नका; यंदाच्या प्रस्तावांना लागतील त्या फाइलींपासून सुरुवात करा.