एमआरआय नॉर्मल, मग मला होतंय ते काय?

सांगली-मिरजेत तपासण्यांना तोटा नाही. त्यामुळे माझ्याकडे मानसोपचारासाठी येणारी बरीच माणसं पिशवीत फायलींचा गठ्ठा घेऊनच येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला होतंय ते काय?" या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो बायको किंवा आई विचारते, तेही पेशंट बाहेर गेल्यावर: "हे मुद्दाम तर करत नाहीत ना?"

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले गृहस्थ, चाळिशीतले. ऐन हंगामात सौदे चालू असताना छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला, आता आपण जातो असं वाटलं. हमालांनीच उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, पुढे मेंदूचा एमआरआय. कशात काही निघालं नाही. पण झटके येत राहिले. मग एसटीने जाणं बंद झालं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून जाणं बंद झालं, शेवटी सौद्याला उभं राहणंही. खिशात अल्प्राझोलाम या घबराट शमवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी आणि हातात पाण्याची बाटली असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, इथवर गाडी आली.

घरात दोन तट पडले होते. आईच्या मते बाहेरचं काहीतरी लागलंय. मेव्हण्याच्या मते कामाचा कंटाळा.

एमआरआयबद्दल आधी बोलायला हवं. तो मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची खूण असेल तर ती त्यात दिसते. भीती दिसत नाही. संशोधनात वापरतात तो फंक्शनल एमआरआय मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतंय ते टिपतो, पण त्याचे निष्कर्ष बहुतेक गटांच्या सरासरीचे असतात. एका माणसाचं स्कॅन बघून त्याला पॅनिक डिसऑर्डर (असे भीतीचे अचानक झटके पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) आहे की नाही, हे आजही कुणी सांगू शकत नाही. निदान होतं ते लक्षणं नीट विचारून आणि शरीराची इतर कारणं बाजूला सारून. मेंदूच्या रंगीत चित्रांवर पैसे उकळणारेही आहेत, म्हणून हे जरा ठासून सांगते.

मग मेंदूविज्ञानाचा आम्हाला उपयोग काय? दिवाणजींना तो तोंडी सांगून पटला नसता. मी म्हटलं, दोघं मिळून मिनिटभर भराभर श्वास घेऊ. (त्यांचं हृदय ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, दमा किंवा फिट्स नव्हत्या. घरी आपल्या मनाने हे करू नका.) अर्ध्या मिनिटात माझीच बोटं झिणझिणायला लागली. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, डोळे मोठे केले आणि म्हणाले, "अहो मॅडम, हेच ते! अगदी हेच!"

"मलाही होतंय," मी म्हटलं.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

घाबरल्यावर श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरतं. रक्तातल्या कॅल्शियमचा तोल हलतो आणि मुंग्या येतात. हे नाटक नव्हे, शरीराचं सरळ गणित आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं ते पुढचं पाऊल: या संवेदनेचा अर्थ माणूस 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते.

भीती म्हटलं की अमिग्डला हा बदामाएवढा भाग सगळ्यांना पाठ असतो. तोच भीतीचा कारखाना, असं मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात. पण 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. दोन्ही बाजूंचा अमिग्डला निकामी झालेल्या तीन स्त्रिया होत्या. त्यांतल्या एकीला साप, कोळी, भुताचा वाडा, कशाचंच भय वाटत नसे. त्यांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिल्यावर (इथे तो उलट वाढतो आणि जीव गुदमरतो) तिघींनाही पॅनिक, म्हणजे भीतीचा झटका आला. म्हणजे शरीराच्या आतून उठणाऱ्या इशाऱ्याला दुसरीही वाट आहे. म्हणूनच "मन घट्ट कर" या सल्ल्याचा इथे उपयोग होत नाही, आणि म्हणूनच त्या संवेदनांशी थेट ओळख करून देणं हा उपचाराचा भाग असतो.

दिवाणजी जिने धावत चढले, खुर्चीत गरागरा फिरले. बाटली घरी राहिली, मग गोळी. गोळीवर सर्वांत जास्त दिवस अडलो, कारण खिशातली गोळी न खाताही काम करते. आपण वाचलो ते तिच्यामुळे, असंच मेंदू शिकत राहतो.

इथे शिकण्याचं विज्ञान फार कामाला येतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण चढते. आणि ती शिकवण जागेला चिकटून असते: माझ्या खोलीत कमी झालेली भीती पुलावर कमी होईलच असं नाही. म्हणून सराव गणपती मंदिराच्या गर्दीत, माधवनगरच्या रस्त्यावर, भरल्या एसटीत आणि शेवटी आयर्विनवर. आधी बायकोबरोबर, मग एकट्याने.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. कृष्णेचं पाणी चढत होतं. सांगलीकर त्या दिवसांत मोबाइलवर आयर्विनची पातळी बघतच जेवतो. 40 फूट इशारा, 45 धोका, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेल्याचं कुणी विसरलेलं नाही. त्यांना पुन्हा झटका आला होता. "सगळं पाण्यात गेलं का हो?" त्यांनी विचारलं. (शब्द त्यांचेच.) मी म्हटलं, नाही. दबलेली भीती नव्या ताणात डोकं वर काढते. विझलेली जुनी शिकवण अशी परतू शकते, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या काळापासून माहीत आहे. नवी शिकवण गेलेली नाही, तिला या जागी पुन्हा उजळणी हवी. आम्ही दोनदा भेटलो, तेवढ्यावर भागलं.

मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी रोजची गोळीही दिली होती. त्यांच्या बायकोला, वहिनींना, धास्ती सवयीची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, ही धास्ती खरी. एसएसआरआयचं तसं नाही, पण ती अचानक बंद करायची नसते आणि गुण यायला काही आठवडे लागतात. "डोक्यातलं केमिकल कमी झालंय," असं त्यांना कुणी सांगितलं होतं. गोळी सेरोटोनिनवर काम करते हे खरं, पण सेरोटोनिन कमी होतं म्हणूनच आजार झाला, असं त्यावरून सिद्ध होत नाही. ताप पॅरासिटामॉलने उतरतो म्हणून तो पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला असं आपण म्हणत नाही.

"मग जन्मभर घ्यायची का?" वहिनींचा शेवटचा प्रश्न. सहसा नाही. बरं वाटू लागल्यावरही काही महिने, बहुधा वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर थोडी थोडी कमी करतात. दिवाणजींची सध्या अर्ध्यावर आली आहे, आणि ती हंगाम संपल्यावर कमी करायची की आधी, यावर नवरा-बायकोत अजून एकमत नाही.