वाचकांचे प्रश्न : जुनी ‘किल्टा’, नवी ‘टीमा’

प्रश्न : येथील जुन्या बाजारात ‘किल्टा’च्या पिवळ्या प्लेट्स मिळाल्या. केसासारख्या चिरा होत्याच, आता त्यांत हळद बसली आहे. डाग कसे काढावेत? मायक्रोवेव्हमध्ये चालतील का?
– एक वाचक, हेलसिंकी

उत्तर : मायक्रोवेव्ह नको, डिशवॉशरही नको. फिनलंडचे डिझायनर काइ फ्रांक यांची ‘किल्टा’ ही जेवणाच्या भांड्यांची मालिका १९५३ मध्ये ‘अरेबिया’ या कंपनीने बाजारात आणली. काठावर नक्षी नाही, एकात एक रचता येते, हवा तो नग सुटा घेता येतो. युद्धानंतरच्या लहान स्वयंपाकघरांना हेच हवे होते. तिचा दुधाचा बुधला तर दुहेरी खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीत, थंडाव्याला ठेवता येई! आकारात खोट काढायला जागा नाही. कच्चा दुवा मातीचा. ‘किल्टा’ फायन्सची, म्हणजे झिलई चढवलेल्या भाजक्या मातीची; ही माती सच्छिद्र असते. चिरांतून आत मुरलेले पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापते, त्याची वाफ होते आणि झिलई आणखी तडकते.

डागांसाठी आधी साबणाच्या कोमट पाण्याने तेलकटपणा घालवा. तेल राहिले तर पुढचे औषध आत शिरत नाही. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये प्लेट पूर्ण बुडवून, झाकून २४ तास ठेवा. स्वच्छ पाण्यात भिजवा आणि बरेच दिवस उन्हात वाळवा. हळदीचा रंग उजेडानेही फिका पडतो, त्यामुळे उरलेले काम ऊनच करते. क्लोरीनचे ब्लीच मात्र टाळा. त्यातले क्षार छिद्रांत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि झिलईचे पोपडे सुटतात.

जुन्या झिलईत शिसे असू शकते आणि ते आंबट पदार्थांत उतरते. चिरा पडलेल्या प्लेटमध्ये लोणचे, चिंचेचे सार, दही नको. कोरडा खाऊ किंवा फळे ठेवा.

प्रश्न : ‘टीमा’च्या पांढऱ्या प्लेट्सवर करड्या रेघा उमटल्या. झिलई खरवडली गेली का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. ‘टीमा’ म्हणजे १९८१ मध्ये घट्ट, पाणी न शोषणाऱ्या मातीत नव्याने आणलेली ‘किल्टा’च. तिची झिलई सुरी-काट्याच्या स्टीलपेक्षा कठीण, म्हणून स्टीलच घासून तिच्यावर उतरते. नख फिरवून पाहा : खाच लागली तर ओरखडा, नाही तर धातू. ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन घासा. न गेल्यास ऑक्झॅलिक आम्ल असलेली भांडी घासायची पावडर हातमोजे घालून मिनिटभर लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. रंगीत प्लेटवर आधी मागच्या बाजूला करून पाहा.