अमेरिकेतल्या लहान गावातल्या 'थाई अँड सुशी'मध्ये पुण्याहून आलेल्या आई-वडिलांना न्यावं का? काय मागवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात असं एकच रेस्टॉरंट आहे, त्याला कुणी पाच तारे देतं तर कुणी एक. वडील शाकाहारी, आईला मासे चालतात, दोघंही सत्तरीच्या आसपास.

खुशाल न्या. फक्त अभिप्राय असे दोन टोकांचे का येतात ते आधी समजून घ्या, म्हणजे ऑर्डर कशी द्यायची तेही कळेल. या ठिकाणी एका छपराखाली दोन स्वयंपाकघरं चालतात. मागे मोठ्या आचेवर वोक, म्हणजे खोलगट कढई, तिथे थाई. पुढे काचेच्या थंड कपाटामागे सुशीचा ओटा, तिथे बहुधा एक किंवा दोनच माणसं. वोकवरचं पॅड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स, तीन-चार मिनिटांत उतरतं. सुशीचा रोल मात्र एकेक वळावा, कापावा, मांडावा लागतो आणि शुक्रवारी संध्याकाळी ॲपवरून आलेल्या पार्सलच्या ऑर्डरीही त्याच माणसाच्या गळ्यात असतात. मग एकाचं जेवण उरकत येतं तेव्हा दुसऱ्याचा रोल येतो आणि घरी जाऊन कुणीतरी एक तारा देतं. त्यामुळे आधी फक्त सुशी मागवा. ती टेबलावर आली की मग थाई पदार्थ सांगा. संध्याकाळी साडेपाच-सहाला गेलात तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

अभिप्राय वाचताना तारे मोजू नका, पदार्थांची नावं शोधा. 'तिखट नव्हतं', 'जागा लहान आहे' याला मी फार किंमत देणार नाही. 'भात कडक आणि गार होता', 'माशाला वास येत होता' हे दोन-तीन वेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर सुशी टाळून नुसतं थाई खा. पार्सलवाल्यांच्या तक्रारी वेगळ्या काढा: दहा-पंधरा मिनिटांत नोरी, म्हणजे रोलभोवतीचं समुद्री शेवाळाचं पान, भाताचा ओलावा ओढून चिवट होते आणि पॅड थाईचा डब्यात गोळा होतो. त्यात स्वयंपाक्याचा दोष कमी.

आता वडील. खरी अडचण इथे आहे, कारण मेन्यूवरचं हिरवं पान किंवा 'व्हेजिटेरियन' हा शब्द पुष्कळदा एवढंच सांगतो की चिकनच्या जागी टोफू आहे. थाई जेवणात मीठ म्हणून माशाचा सॉस पडतो, त्याला नाम प्ला म्हणतात. पॅड थाईत तो असतो, सूपमध्ये असतो, कच्च्या पपईच्या सोम तामच्या कोशिंबिरीत तर असतोच, वर सोडेही असतात. परतलेल्या भाज्यांत ऑइस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. आणि लाल, हिरव्या, पनांग करीच्या वाटणात कापी. कापी म्हणजे आपल्याकडच्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून कुटलेला लगदा. तो वाटणातच असल्यामुळे 'नको, काढून द्या' म्हणून काही होत नाही. वेटर प्रेमाने हो म्हणेल, पण करी तीच येईल.

म्हणून 'हे शाकाहारी आहे का' असं विचारू नका. 'करी पेस्टमध्ये कोळंबी आहे का? पेस्टचा डबा दाखवता का?' असं विचारा. बहुतेक लहान रेस्टॉरंटं पेस्ट डब्यातलीच वापरतात, आणि अमेरिकेत पाकीटबंद अन्नावर मासे आणि कोळंबीवर्गीय घटक स्पष्ट छापणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. स्वयंपाकी थाई असेल तर 'जे' हा एक शब्द पुरतो. 'जे' म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध आणि शिवाय कांदा-लसूणही नाही. घरात कुणी जैन असेल तर हाच शब्द, पण मग करी विसरा, कारण वाटणात लसूण असतेच. स्वयंपाकी थाई असेलच असं मात्र धरून चालू नका. परतलेल्या नूडल्स, फ्राइड राइस आणि भाज्या सांगताना 'फिश सॉस नको, ऑइस्टर सॉस नको, फक्त सोया सॉस' असं तिन्ही गोष्टी मोजून सांगा. सोम ताम ऑर्डरनंतर उखळात कुटतात, त्यामुळे ते बदलून मिळू शकतं; उखळ मात्र तेच असतं.

जपानी बाजूलाही निश्चिंत होऊ नका. मिसो सूप निरागस दिसतं, पण त्याचा आधार दाशी, म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाचं पाणी. टेम्पुरा म्हणजे पिठात घोळून तळलेले तुकडे; त्यांच्या बुडवणीत, अगेदाशी या तळलेल्या टोफूच्या रश्शात आणि बहुधा इनारी सुशीच्या गोडसर टोफूतही तेच. रोलच्या बाहेर नारिंगी बारीक दाणे दिसले तर ते माशाची अंडी समजा. कॅलिफोर्निया रोलमधलं 'क्रॅब' हे बहुधा पोलॉक माशाचं सुरिमी, म्हणजे माशाचा लगदा असतो. वडिलांसाठी काकडीचा कप्पा माकी, ॲव्होकॅडो रोल आणि पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा ओशिंको रोल हे बरे. लोणचं बाटलीतलं असेल तर त्याचंही लेबल बघा. रताळ्याच्या टेम्पुराचा रोल चवीला छान, पण तळणीचं तेल बहुधा कोळंबी तळलेलंच असतं. कापायचा पाट आणि सुरीही तीच. 'स्वच्छ पाट, वेगळी सुरी, नवे हातमोजे' एवढं शांतपणे सांगितलं तर सहसा कुणी कुरकुर करत नाही, पण गर्दीच्या वेळी मागितलं तर विसरतात. तेलाचा प्रश्न सुटत नाही, तो वडिलांवरच सोडा.

पेस्ट निर्दोष निघाली तर 'फिश सॉस नको' असं सांगून वडिलांना मस्सामन करी द्या. तिच्यात वेलची, दालचिनी, लवंग, बटाटा, शेंगदाणे असतात. अनोळखी जेवणात एक तरी चव ओळखीची लागली की पुढचं सोपं होतं. नारळाचं दूध आहेच. सूपमध्ये तरंगणारे जाड दांडे म्हणजे गवती चहाच, फक्त आपण पात वापरतो आणि ते बुंधा. ते दांडे, कुलिंजनाच्या चकत्या आणि लिंबाची पानं चावून खायची नसतात. हे आधी सांगितलं नाही तर आपले लोक पानात काही टाकायचं नाही म्हणून चावत बसतात.

आईसाठी कच्च्या माशाचा आग्रह धरू नका. वयस्करांनी तो टाळावा हाच इथला अधिकृत सल्ला आहे, आणि मेन्यूवर कच्च्या पदार्थांपुढे तारकाचिन्ह (*) आणि तळाशी इशारा छापलेला असतो. शिजवलेलं पुष्कळ आहे: उनागी म्हणजे भाजलेली गोडसर सॉसची वाम, फक्त ही गोड्या पाण्यातली, एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, शिवाय कोळंबी टेम्पुरा रोल. वाम खाणाऱ्या माणसाला उनागी समजावून सांगावी लागत नाही.

तुम्ही स्वतः कच्चं खाणार असाल तर 'सुशी ग्रेड' या शब्दावर जाऊ नका, त्याला कायद्यात व्याख्या नाही. जंत मरावेत म्हणून मासा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशाला घट्ट गोठवून त्याच तापमानाला 15 तास ठेवण्याचा नियम आहे. ट्यूनाला आणि ठरावीक प्रकारे पाळलेल्या सॅमन माशाला यातून सूट आहे. म्हणजे 'गोठवलेला आहे' हे उत्तर ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. गोठवण्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत, त्यामुळे पुढची स्वच्छता तितकीच महत्त्वाची. 'व्हाइट ट्यूना' लिहिलेलं असेल तर सोडून द्या. ओशियाना संस्थेने 2013 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत त्या नावाने विकलेल्या नमुन्यांपैकी 84 टक्के एस्कोलार नावाच्या दुसऱ्याच माशाचे निघाले होते. त्या माशातलं मेणासारखं तेल पचत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोट तेलकट जुलाबांनी हिशेब मागतं.

ओटा चांगला की वाईट याची परीक्षा भातावर होते. पहिल्यांदा फक्त एक साधा रोल किंवा निगिरीची, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेल्या माशाच्या तुकड्याची, एक जोडी मागवा. भात हाताइतका कोमट, दाणे वेगळे ओळखू येणारे पण एकमेकांना धरलेले, व्हिनेगर-साखरेची चव पुसट. भात गार आणि कडक लागला तर रोल आधीच वळून फ्रिजमध्ये ठेवलेला होता; थंडीत स्टार्च आवळतो, तो गरम केल्याशिवाय परत मऊ होत नाही. मग पुढची सुशी रद्द. मेयोनीज आणि तीन सॉस ओतलेल्या भल्याथोरल्या नावांच्या रोलपासून सुरुवात करू नका, त्याखाली सगळं झाकलं जातं. थाई बाजूची परीक्षा पॅड थाईवर: रंग चिंचेचा तपकिरी हवा. भडक नारिंगी असेल तर चिंचेऐवजी बहुधा केचप आहे, आणि गोड लागेल.

तिखटाचे 1 ते 5 आकडे प्रत्येक दुकानात वेगळे. 2 सांगा आणि सुकी मिरचीपूड बाजूला मागा. 'थाई हॉट' म्हणून मर्दुमकी दाखवायची जागा ही नव्हे.

चार माणसांना दोन रोल, एक सूप, दोन करी आणि एक नूडल्स पुरतं. रोलचे सहसा 6 किंवा 8 तुकडे असतात, निगिरी बहुधा जोडीने येते. करीबरोबर भात येतो की वेगळा लावतात ते विचारा. थाई पदार्थ मध्ये ठेवून वाटून खायचे, चमचा आणि काट्याने; चॉपस्टिक्स धरता येत नाहीत म्हणून आईने संकोचायचं कारणच नाही, आणि सुशी तर हातानेही खातात. सोया सॉसमध्ये निगिरीची माशाकडची बाजू बुडवायची, भात बुडवला की तो सुटतो. टीप 18 ते 20 टक्के धरा, वडिलांना आकडा आधी सांगून ठेवा.

उरलेली करी घरी आणा, दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागते. उरलेली सुशी आणू नका.